हसू नका, ओठ फुटेल

पुणेकर डिसेंबरात हसत नाहीत, असं बाहेरगावचे लोक म्हणतात. हा पुणेकरांवर अन्याय आहे. त्या महिन्यात त्यांना मनापासून हसायचं असतं, पण खालच्या ओठाच्या बरोब्बर मधोमध एक उभी चीर पडलेली असते आणि हसू गालापर्यंत पोचायच्या आत ती पुन्हा उघडते. बाकीचे अकरा महिने ते का हसत नाहीत, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ओठ उललेल्या माणसाचं हसणं लांबूनही ओळखू येतं. विनोद कळलेला असतो, डोळे हसतात, खांदे हलतात आणि तोंड मात्र चंबू करून बसलेलं असतं. ज्याला अगदीच आवरत नाही तो दोन बोटांच्या चिमटीत खालचा ओठ धरतो आणि मग हसतो. थंडीत विनोदी नाटकाचा प्रयोग लावणाऱ्यांनी पडद्याच्या फटीतून एकदा प्रेक्षागृहाकडे पाहावं. शांतता नाटक पडल्याची आहे की ओठ फुटल्याची, हे तिकीटविक्रीवरून कळणार नाही. त्या मानाने शास्त्रीय संगीताचं बरं. सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात असतो आणि तिथे दाद द्यायला तोंड उघडावं लागत नाही. डोळे मिटून मान हलवली की झालं. शेजारचा शालवाला मोठा जाणकार आहे की नुसताच ओठ फुटलेला, हे भैरवीपर्यंत समजत नाही. पंचाईत होते ती बासरी वाजवणाऱ्याची, पण त्याबद्दल रसिकांनी बोलायचं नसतं.

मुंबईकराला हे दुःख समजत नाही. समुद्र त्याला बारा महिने ओला ठेवतो, आणि थंडी त्याच्याकडे वर्तमानपत्रातल्या फोटोतून येते. दर जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा किती उतरला हे छापून येतं, द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्या दिसतात, घड वाचावेत म्हणून बागायतदार रात्र रात्र जागतो हेही कळतं. त्या बागायतदाराच्या ओठांचं काय झालं, ते कोणी विचारत नाही.

खरं तर थंडीला उगीच दोष जातो. भर पावसात महाबळेश्वरला हुडहुडी भरते, दात वाजतात, ओठ मात्र शाबूत राहतात. गुन्हेगार आहे तो कोरडेपणा. पावसाळा सरला की वाऱ्याची दिशा बदलते, उत्तरेकडून जमिनीवरून येणारा कोरडा वारा सुटतो आणि घाटावरच्या गावांत दुपारची हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास येते. मग ही हवा जिथे ओल दिसेल तिथून ती उचलते. वाळत घातलेल्या पापडांतून उचलते तेव्हा आपण तिचं कौतुक करतो.

ओठांची बाजूही समजून घ्यायला हवी. अंगावरच्या बाकी कातडीला तेलाच्या ग्रंथी असतात, घामाच्या असतात, वर मेलेल्या पेशींचा बऱ्यापैकी जाड थर असतो. ओठांच्या लाल भागाला यातलं जवळजवळ काही मिळालेलं नाही. थर इतका पातळ की आतलं रक्त दिसतं, आणि त्यावर कवींची पिढ्यान्‌पिढ्या सोय झाली आहे. तेलग्रंथी सहसा नाहीत, घाम नाही, उन्हापासून राखणारं रंगद्रव्यही बेताचंच. म्हणजे सगळ्या चाळीत नळ आले आणि या एका बिऱ्हाडाला नळच दिला नाही. मग पाणी आणणार कोण? शेजारी राहणारी जीभ. ती दर दहा मिनिटांनी टँकर घेऊन दारात उभी.

जिभेचा हेतू चांगला असतो. नातेवाइकांचाही असतो. लाळ लागली की ओठांना क्षणभर गार वाटतं, मग ती वाळते, आणि वाळताना आधी होती तेवढी ओलही घेऊन जाते. शिवाय लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. भात-भाकरी पचवायला सुरुवात करणारी विकरं तिच्यात असतात. समोर घास नसला तरी ती कामावर हजर असतात, आणि दिवसभर त्यांच्या सहवासात राहिलेली नाजूक कातडी चिडते. चिडली की आणखी कोरडी पडते, कोरडी पडली की पुन्हा जीभ. लहान मुलांत तर जीभ जिथवर पोचते तिथवर ओठांभोवती लालभडक कडं उमटतं. शाळेच्या थंडीतल्या वर्गफोटोत अशा लाल मिशांचे दोन-चार वीर असतातच. त्यांना "चाटू नकोस" असं सांगायचं नसतं, कारण ते शब्द कानावर पडताक्षणी ऐकणाऱ्याची जीभ बाहेर येते. वाचणाऱ्याचीही येते. आता आलीच असेल.

जिभेचं काम संपलं की दातांचं सुरू होतं. कुठल्याही कचेरीत जानेवारीत बैठक बोलवा. समोर पडद्यावर येत्या वर्षाची उद्दिष्टं चढत्या रेषेने दाखवली जात आहेत. माणसं विचारमग्न आहेत, भुवया जुळलेल्या आहेत, जबडे किंचित हलत आहेत. साहेबांना वाटतं, लोक आकडे पचवत आहेत. लोक ओठाची सालं काढत आहेत. वरच्या दाताला खालच्या ओठावर एक सुटलेलं टोक सापडलेलं असतं आणि आता जगातली कुठलीही उद्दिष्टं त्या टोकापुढे फिकी आहेत. हे टोक मोठं फसवं. ते सुटलेलं असतं एका बाजूने. दुसरी बाजू चांगली जिवंत कातडीला धरून असते. ओढणारा सुरुवात करतो मेलेल्या भागापासून आणि थांबतो रक्ताची खारट चव आल्यावर. मग रुमाल, मग आरशात पाहणं, मग उद्यापासून हात लावायचा नाही असा निश्चय, आणि त्याच संध्याकाळी सिग्नलला गाडी उभी असताना पुन्हा शोधमोहीम. पार्लरमध्ये याच उद्योगाला शास्त्रशुद्ध रूप देऊन साखर आणि मधाने ओठ घासून देतात. शाबूत ओठ हौसेने घासायला कोणाची हरकत नाही. फुटलेल्या ओठावर साखरेचे कण घासून घेणाऱ्याच्या सहनशक्तीला मात्र नमस्कार करावा. लोंबणारं साल फारच छळत असेल तर कोमट पाण्याने मऊ करून छोट्या कात्रीने तेवढंच कापावं आणि बाकीच्यांना त्यांच्या वेळेने पडू द्यावं. यात काहीच थरार नाही, हे मान्य.

फुटलेला ओठ घेऊन माणूस घराबाहेर पडला की तो ओठ सार्वजनिक होतो. लिफ्टमध्ये, बँकेत, लग्नाच्या मांडवात, जो भेटेल तो आधी ओठाकडे पाहतो, मग तुमच्याकडे, आणि मग निदान सांगतो. "पाणी कमी पितोस." "उष्णता झालीय." "पित्त आहे, दुसरं काही नाही." "पोट साफ होतं का?" हा शेवटचा प्रश्न भर पंगतीत, वाढप्यासमोर, मोठ्या आवाजात विचारला जातो. कुठल्याही दुखण्यात पोटाचं नाव न घेणारा वडीलधारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे.

आणि गाडी पोटावर आली की पुढचं स्टेशन बेंबी.

"रात्री झोपताना बेंबीत दोन थेंब तेल सोड," मावशी सांगतात. कुठलं तेल, यावर दोन घराण्यांत एकमत नाही. कोणी खोबरेल म्हणतं, कोणी एरंडेल, कोणी साजूक तूप. उत्तरेत नोकरी करून आलेले मोहरीच्या तेलाखेरीज दुसऱ्याचं नाव घेऊ देत नाहीत. तेलाबद्दल भांडणारी ही मंडळी बेंबीबद्दल मात्र ठाम असतात.

"पण मावशी, बेंबीतलं तेल ओठांपर्यंत पोचतं कसं?"

"आतून."

या "आतून"ला उत्तर नसतं. बेंबी म्हणजे नाळ गळून पडल्यावर राहिलेला व्रण. जन्माआधी तिथून आत जाणारी जी रक्तवाहिनी असते ती यकृताकडे जाते, आणि जन्मानंतर तीही मिटून तिची नुसती दोरी उरते. म्हणजे वाट होती ती यकृताची होती, ओठांची कधीच नव्हती, आणि जी होती ती बाळाच्या बारशाच्या सुमारालाच बंद झाली. हे सांगून पाहा. "तुमची विज्ञानं तुमच्यापाशी," असं म्हणून तेलाची बाटली पुढे सरकवली जाते. एका काकांनी तर अशी उपपत्ती मांडली, की आडवं झाल्यावर बेंबी आणि ओठ एका पातळीत येतात, म्हणून हा उपाय रात्री झोपतानाच करायचा. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले होते.

तरीही या उपायाचा गुण आलेली माणसं आहेत, आणि ती खोटं बोलत नाहीत. त्याचं कारण मला वाटतं असं, की दोन थेंब बेंबीत सोडल्यावर बोटाला तेल उरतं. ते माणूस कुठे पुसतो? पांघरुणाला पुसलं तर घरात बोलणी बसतात. तो ते ओठांवर फिरवतो. औषध पोचतं ते असं, बाहेरून.

स्वयंपाकघरातल्या बाकी उपायांची टिंगल करवत नाही, कारण त्यात तथ्य आहे. लोणी, तूप, दुधावरची साय, सगळे स्निग्ध पदार्थ. ओठावर बसले की आतली ओल उडू देत नाहीत. दोष एकच, ते चांगले लागतात. लोणी लावलेल्या पोराच्या ओठावर लोणी किती वेळ राहील? जीभ आधीच वखवखलेली, त्यात तिला आता सबळ कारण मिळालेलं. सायीचं तर विचारूच नका. साय लावून दुपारी पडलेल्या माणसाकडे माश्या येतात, मुंग्या येतात आणि घरात मांजर असेल तर तीही मोठ्या आपुलकीने जवळ बसते. अमेरिकेतून येणाऱ्या बॅगेत चॉकलेट आणि बदामांच्या मधे ज्या स्ट्रॉबेरीच्या आणि चेरीच्या कांड्या निघतात, त्यांचंही हेच. नातवंडं त्या ओठांना लावतात, चाटतात, पुन्हा लावतात. आठवड्यात कांडी संपते आणि ओठ होते तिथेच असतात. ओठाच्या औषधाला चव असणं हा त्याचा सर्वांत मोठा दुर्गुण आहे.

हे कोकणाने फार पूर्वी ओळखलं होतं. आमसुलांसाठी कोकमाची साल काढून घेतली की बिया उरतात. त्या वाळवायच्या, कुटायच्या, उकळायच्या आणि वर येणारं तेल निवलं की मुठीत वळून त्याचे गोळे करायचे. हे मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, एरवी मेणासारखं घट्ट असतं आणि ओठावर घासलं की सावकाश मऊ होतं. चव जवळजवळ नाही, त्यामुळे जिभेला त्यात रस नाही. कोकणातल्या घरांत असा एक गोळा फडताळात ठेवलेला असायचा, त्यावर सगळ्या घरादाराच्या बोटांचे ठसे. टाचांच्या भेगांनाही तोच, ओठांनाही तोच. आपल्या आधी तो कोणी कुठे लावला होता, हे विचारायची रीत नव्हती. आता हेच तेल इवल्याशा डबीत, इंग्रजी नावाने, गोळ्याच्या कितीतरी पट किमतीला मिळतं. ठसे तेवढे नसतात.

ग्लिसरीनचं एक बारीक लफडं आहे. गुलाबपाणी घातलेली ती बाटली प्रत्येक मध्यमवर्गीय कपाटात असते आणि तिचं बूच कायम चिकट असतं. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं हे खरं; हवेत पाणी असलं तर हवेतून ओढतं. हवाच कोरडी ठणठणीत असली तर ते खालच्या कातडीतून ओढायला मागेपुढे पाहत नाही. त्यावर एक थर तुपाचा किंवा मेणाचा दिला तर उपयोग. मधाचीही साधारण तीच तऱ्हा, वर चवीचा गुन्हा आहेच.

शेवटी माणूस औषधाच्या दुकानात जातो. इथे आपल्या मराठी मनाचा खरा स्वभाव कळतो. गिऱ्हाईक म्हणतं, "ओठाला काहीतरी द्या." दुकानदार साधी पेट्रोलियम जेली पुढे करतो. गिऱ्हाईक डबी उलटसुलट करून बघतं, वास घेतं, वास नसतो. "याने झोंबतं का?" "नाही." "गार वाटतं?" "नाही." "मग याने होणार काय?" असं म्हणून ते डबी परत सारतं आणि कापूर, पुदिना, निलगिरी असलेली नळी उचलतं. लावल्यावर ओठ चुरचुरतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि गिऱ्हाईक समाधानाने म्हणतं, "हां, आता लागू पडतंय."

आपण टिंक्चर आयोडीनवर वाढलेली माणसं. खरचटलं की आधी आई पकडायची, मग वडील ते लालकाळं औषध ओतायचे, आणि आपण ज्या पट्टीत ओरडू त्यावर औषधाची शक्ती ठरायची. न झोंबणारं औषध हे औषधच नव्हे, ही श्रद्धा त्यातूनच अंगात मुरली. औषध कडू पाहिजे, नाहीतर झोंबणारं पाहिजे, आणि दोन्ही नसेल तर निदान बेंबीत घालायचं तरी पाहिजे. ओठाच्या बाबतीत ही श्रद्धा महागात पडते. मेंथॉल, कापूर, दालचिनी यांनी गार किंवा गरम वाटतं ते आतल्या नसांना भुलवल्यामुळे. फुटलेली कातडी त्याने बरी होत नाही, उलट अनेकांची चिडते. चिडली की पुन्हा तीच नळी. असे लोक सांगतात, "मला याची सवय लागलीय हो, सोडवत नाही." व्यसन लागावं असं त्या नळीत काही नसतं. ती आगही लावते आणि बंबही घेऊन येते, एवढंच.

साध्या जेलीचा इतिहास तिच्या चेहऱ्यावरून वाटतो त्यापेक्षा रंगीत आहे. रॉबर्ट चीझब्रो हा तरुण रसायनज्ञ १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी नव्याने लागलेल्या तेलाच्या विहिरी बघायला गेला. तिथे पंपांच्या दांड्यांवर एक चिकट मेणचट राड जमायची, तिने यंत्रं अडायची आणि कामगार शिव्या घालायचे. पण कापलं-भाजलं की तेच कामगार तीच राड जखमेवर चोपडायचे. चीझब्रोने ती घरी नेली, अनेक वर्षं खटपट करून शुद्ध केली, १८७२ साली पेटंट घेतलं आणि नाव ठेवलं व्हॅसलिन. ते विकायला तो गावोगाव हिंडायचा आणि लोकांसमोर स्वतःचा हात भाजून घेऊन त्यावर जेली लावून दाखवायचा. झोंबल्याशिवाय विश्वास बसत नाही हे त्यालाही कळलं होतं. फक्त झोंबण्याचा भाग त्याने स्वतःकडे घेतला. रोज चमचाभर व्हॅसलिन आपण खातो, असंही तो सांगायचा, आणि शहाण्णव वर्षं जगला. यावरून कोणी चमचा हातात घेऊ नये. आपल्याकडे शहाण्णव वर्षं जगलेले आजोबा रोज तंबाखू खात होते हेही सांगणारे लोक भेटतात.

कांडीची गोष्ट वेगळी. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावच्या डॉ. चार्ल्स फ्लीट यांनी १८८०च्या दशकात ओठांसाठी मेणाची कांडी केली. दिसायला ती वात नसलेल्या मेणबत्तीसारखी, कथलाच्या वर्खात गुंडाळलेली. ती काही खपेना. १९१२ साली त्यांनी सगळे हक्क जॉन मॉर्टन नावाच्या गृहस्थांना पाच डॉलरला देऊन टाकले. मॉर्टनबाईंनी आपल्या स्वयंपाकघरात मिश्रण वितळवून नळ्यांत ओतलं आणि चॅपस्टिकचा संसार उभा राहिला. पुढे वॉटरगेट प्रकरणात व्हाइट हाउसमधल्या हॉवर्ड हंट यांच्या तिजोरीतून ज्या वस्तू निघाल्या त्यांत मायक्रोफोन लपवलेल्या चॅपस्टिकच्या नळ्याही होत्या. ओठांची वस्तू कानांच्या कामाला लावण्याचा हा प्रकार वाचल्यापासून शेजारचा माणूस खिशातून कांडी काढायला लागला की मी राजकारणावर बोलायचं थांबतो.

आपली हिरव्या नळीतली बोरोलीनही काही कमी नाही. १९२९ साली कलकत्त्यात गौरमोहन दत्त यांनी ती स्वदेशी म्हणून बाजारात आणली आणि तिकडे ती कापण्यापासून भाजण्यापर्यंत सगळ्याला चालते. तिच्यात जस्ताचं पांढरं भस्म असतं, त्यामुळे ओठाला लावून लग्नाला गेलं तर लोक ताक प्यायला कुठे मिळालं ते विचारतात. शिवाय तिच्यातलं बोरिक ॲसिड पोटात जायची वस्तू नव्हे, म्हणून चाटऱ्या पोरांपासून ती लांबच बरी.

तेव्हा उपाय काय, तर हाच कंटाळवाणा: जेली, मुठेल, मेण-तेलाचं मलम, काहीही साधं, बिनवासाचं, बिनचवीचं. ते ओठांना पाणी देत नाही, असलेलं उडू देत नाही; म्हणून आंघोळीनंतर, दात घासल्यावर, ओठ थोडे ओलसर असतानाच लावायचं आणि रात्री झोपताना भरपूर. टूथपेस्टचा झणझणीत फेस ओठांवर वाळू द्यायचा नाही. सकाळी गाडीवरून जाताना तोंडाला रुमाल बांधायचा. पुण्यात स्कूटरवरच्या मुली डोळे सोडून सगळं तोंड बांधतात त्याची चेष्टा करणाऱ्यांनी त्यांचे जानेवारीतले ओठ आणि स्वतःचे ओठ शेजारी ठेवून पाहावेत. अर्थात ते ठेवायला मुली तयार होणार नाहीत.

हे सगळं एखाद्याला सांगितलं की तो विचारतो, "एवढंच?" त्याच्या आवाजात फसवलं गेल्याची भावना असते.

आणि नेमक्या याच दिवसांत हुरडा येतो. नगर-सोलापूरकडच्या शेतात पहाटेच्या गारठ्यात आगटी पेटलेली आहे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजली जात आहेत, हातावर चोळून गरम दाणे पानावर पडत आहेत आणि सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ओठ फुटलेल्या माणसाची यात जी अवस्था होते ती पाहवत नाही. तो दाणे वरून तोंडात टाकतो. चटणीचं बोट ओठांना न लावता थेट जिभेवर पोचवायची त्याची कसरत चालते, ती पहिल्यांदा साधते, दुसऱ्यांदाही साधते. तिसऱ्यांदा यजमान प्रेमाने म्हणतात, "अहो, ठेचा घ्या की, असा काय लांबून खाताय!" आणि घास भरवतात. त्यानंतर तो माणूस उठून विहिरीकडे जातो. यजमानांना वाटतं, पाहुण्याला शेत बघायचंय. मिरचीतला जहाल भाग पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे विहिरीचा उपयोग नसतो. दही जवळ असतं, पण तोवर आठवत नाही. जाणकार मंडळी हुरड्याला निघतानाच ओठांवर जेलीचा जाड थर देऊन निघतात. ठेचा त्यावरून घसरतो.

दुसरी संकटाची जागा म्हणजे हिमालयाची सहल. मे महिन्यात निघालेल्या मराठी कुटुंबाच्या बॅगेत थालीपिठाची भाजणी असते, मेतकूट असतं, कैलास जीवनची डबी असते आणि ती डबी नेमकी खालच्या, हॉटेलवर राहिलेल्या बॅगेत असते. वर रोहतांगला, तेरा हजार फुटांवर, लोक बर्फ बघून वेडे होतात. उंचीवर ऊन जास्त तिखट असतं. दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत पुन्हा तोंडावर फेकतो. वरून पडणाऱ्या उन्हाला टोपी आहे. खालून येणाऱ्याला नाही. नाकाला क्रीम लावणारी माणसं ओठ विसरतात, आणि संध्याकाळी बसमध्ये अंताक्षरी सुरू होते तेव्हा 'म' आला की सगळे गप्प. म्हणायला दोन्ही ओठ एकमेकांना लावावे लागतात. ऊन अडवणारी ओठांची कांडी मिळते, ती कोटाच्या खिशात ठेवावी. बॅगेत नाही.

एवढं करूनही काही ओठ ऐकत नाहीत, आणि तिथे चेष्टा थांबवायची. चिरा ओठांच्या कोपऱ्यांतच पडत असतील तर तिथे बुरशी असू शकते, बी-जीवनसत्त्वाची किंवा लोहाची कमतरता असू शकते, आजोबांची कवळी सैल झालेली असू शकते. मुरमांवरच्या काही गोळ्यांनी ओठ हमखास कोरडे पडतात. डॉक्टरांनी ते सांगितलेलं असतं, मुलाने घरी सांगितलेलं नसतं. लिपस्टिक किंवा नवी टूथपेस्ट सुरू केल्यापासून त्रास असेल तर ती बंद करून पाहावी. आणि थंडी गेली तरी भरत नाही अशी जखम, पांढरा किंवा खरखरीत डाग, तोही तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या ओठावर, हे मावशींना दाखवायचं काम नव्हे. तडक डॉक्टर.

बाकीच्यांचं मार्चमध्ये आपोआप ठीक होतं. वारा बदलतो, ओठ एका सकाळी मऊ लागतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला म्हणतात ते हेच. मग श्रेयावरून भांडणं. औषधवाला म्हणतो, नळीचा गुण. बायको म्हणते, मी तूप लावायला लावलं म्हणून. मावशी लांबूनच ओठांकडे पाहतात.

"बघ. बेंबीचं ऐकलंस ना?"

ऐकलेलं नसतं, पण मान हलते.

"आता ऊन वाढेल," त्या म्हणतात. "तुझा घोळणा फुटतो दरवर्षी. उशाशी कांदा फोडून ठेवत जा. आणि कांदा पांढरा हं. लाल नाही चालत."